दोन मशिनी, तीन प्रोसेसर आणि एक डबा

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साचत जातात. एक, लोकांनी "उद्या नेतो" म्हणून ठेवलेल्या आणि कधीच न नेलेल्या वस्तू. आणि दोन, त्या वस्तूंचे किस्से. वस्तू निदान भंगारवाल्याला तरी देता येतात हो! किश्श्यांना गिऱ्हाईक नाही. पूर्वी संध्याकाळी दुकानात चार टाळकी जमायची, चहा यायचा, तिथे हा माल खपायचा. आता कुणी पुण्याला गेलं, कुणी मुलाकडे, आणि जे गावात आहेत ते मोबाइलमध्ये. तुम्ही आलात, बसलात, तर आज थोडा साठा कमी करतो.

माझं दुकान जळगावात, एका मार्केटच्या पहिल्या मजल्यावर. जिना चढला की आधी अक्कांचं लेडीज स्टोअर लागतं, मग मी. पाटीवर "कॉम्प्युटर रिपेअरिंग", खाली माझं नाव, अरुण. लग्न वेळेवर जमलं नाही, पुढे जमवायचं राहून गेलं. बहिणी आपापल्या घरी गेल्या, मग आई गेली. त्यामुळे दुकान लवकर उघडण्यात आणि उशिरा बंद करण्यात मला अख्ख्या मार्केटात कुणी हरवू शकत नाही!

आणि धुळ्यात नाना. धंदा तोच, दुकान तेवढंच, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. आमची ओळख एका लिलावात झाली. कुठल्याशा कंपनीचं ऑफिस उठलं होतं आणि त्यांचे जुने सर्व्हर ढिगाने विकायला काढले होते. मी आणि नाना एकाच ढिगावर बोली चढवत होतो. शेवटी नाना माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "भाऊ, आपला दोन्हीस्ना भांडनमा त्या लिलाववालानं घर भरी ऱ्हायनं. चाल, वाटी लेऊत!" आम्ही वाटून घेतलं.

त्या ढिगात दोन मशिनी अशा निघाल्या की ज्यांच्या बोर्डवर दोन-दोन प्रोसेसर बसतात. साध्या कॉम्प्युटरला एक डोकं, ह्यांना दोन. पण सगळा ढीग उपसला तरी प्रोसेसर निघाले तीनच! त्यातले दोन अगदी एकसारखे. तिसरा त्याच घराण्यातला, पण नंतरच्या खेपेचा. आम्ही दोघांनी एकेक मशीन घेतली, सारख्यातला एकेक प्रोसेसर घेतला. तिसऱ्याचं काय करायचं?

नाना म्हणाले, "ज्याले काम जास्त व्हई, त्यानाकडे ऱ्हाई."

झालं. तेव्हापासून तो तिसरा जळगाव-धुळे, धुळे-जळगाव करत राहिला. त्याची जोडी माझ्या प्रोसेसरशीही जुळायची नाही आणि नानांच्याशीही. असे दोन एकत्र बसवले की आमची मशीन सुरू होतानाच तक्रार करते. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ येते. दोन प्रोसेसर एकसारखे नाहीत, तरी पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा. दाबलं की मग दिवसभर कुरकुर नाही. सकाळी दुकानात माझ्याशी पहिलं कुणी बोलत असेल, तर ती ओळ!

*

तर ह्या बेजोड जोड्या चालवण्यात आम्हा दोघांचा हात बसला आणि लोक आम्हाला "डबलवाले" म्हणायला लागले. सेकंडहँड सर्व्हर घेऊन गावोगावचे लोक आमच्याकडे यायचे.

धरणगावचा एक लग्नाचं शूटिंग करणारा होता. व्हिडिओ जोडायला त्याने अशीच मशीन घेतलेली. एक प्रोसेसर गेला, दुसरा त्याने कुठून तरी मिळवला आणि मशीनसकट माझ्याकडे आला. छाती फुगवून म्हणाला, "भाऊ, एक नंबर पॅकिंग करेल शे!"

पेढ्यांचा पत्र्याचा डबा. उघडला तर आत कापूस. कापसाच्या मधोमध प्रोसेसर, पाळण्यातल्या बाळासारखा.

म्हटलं ठीक आहे, प्रोसेसर पुसून घेऊ. पण मशीन उघडली आणि मी कपाळाला हात लावला. प्रोसेसर ज्या जागेवर बसतो तिथे केसासारख्या बारीक पिनांची गर्दी असते. ती जागा रिकामी राहिली, तिच्यात धूळ जाऊ नये म्हणून ह्या गृहस्थाने तिथेही कापूस ठासला होता!

"अरे, कापूस कशाला?"

"घरना शे भाऊ! सरकी काढेल शे!"

सरकी काढलेली होती हे खरं. पण एकेका पिनेला धागा गुंडाळलेला. मी अक्कांकडून भुवया कोरायचा चिमटा आणला आणि भिंग लावून बसलो. दुपार गेली. अक्का मधे येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "कॉम्प्युटरचं लग्न आहे का भाऊ?" संध्याकाळी एकदाची मशीन चालू झाली. मी मोठ्या अभिमानाने नानांना फोन केला आणि सगळं रामायण सांगितलं.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"कापूस लांब धागाना व्हता का आखूड?"

*

बोदवडचा एक फ्लेक्सवाला. वाढदिवसांच्या बॅनरवर ज्याचं घर चालतं असा. त्याच्या मशीनमध्ये दोन जुने प्रोसेसर होते. त्याने त्यातला एक काढला आणि जास्त वेगाचा नवा आणून लावायला सांगितला. लावला. चालू झाली. त्याने बॅनर टाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"भाऊ, हे तर पयलेसारखंच चालून राह्यलं!"

मी समजावलं की वेगवेगळ्या वेगाचे दोन एकत्र बसवले, की दोघंही हळू असलेल्याच्या वेगाने चालतात. तो विचारात पडला.

"म्हनजे हुशार पोराले ढ पोराजवळ बसवलं तर हुशार पन ढ होते?"

"मशीनमध्ये होतो."

"अन् ढ हुशार नाई होत?"

"नाही."

तो घाईघाईने निघून गेला. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा चेहरा पडलेला.

"शाळेत गेलतो भाऊ. पोराचा बाक बदला म्हनलं. त्याच्या बाजूचा पोरगा ढ आहे, आपलं पोरगं खराब होऊन राह्यलं."

"मग?"

"मॅडम म्हने, बाजूच्याचे वडील कालच येऊन गेले. हेच सांगाले!"

*

साक्रीचा किस्सा नानांचा. तिथे एका कॉम्प्युटर क्लासचे सर आहेत. त्यांच्या मशीनमध्ये दोन वेगवेगळ्या खेपांचे प्रोसेसर लावल्यावर ती सुरूच होईना. नाना धुळ्याहून बसने गेले, झाकण उघडलं आणि दोन्ही प्रोसेसरच्या जागांची अदलाबदल केली. लगेच सुरू!

सर चकित. "नाना, केलंत काय तुम्ही?"

खरी गोष्ट साधी आहे. जुन्या खेपेचा पहिल्या जागेवर लागतो, नव्या खेपेचा दुसऱ्या. उलटं केलं तर काही बोर्ड अडून बसतात. पण नानांची सांगायची तऱ्हा वेगळी. ते म्हणाले, "सर, जुनाले पहिला मान देना पडस. लगीनमा नही का, आधी मोठा व्याहीले टोपी-टॉवेल, मंग बाकीनास्ले!"

सरांनी हे फारच मनावर घेतलं. दसऱ्यानंतर नानांना त्यांचा फोन आला. "नाना, मशीन तापतेय. आणि खडखडतेय सुद्धा."

नाना परत साक्रीला. प्रोसेसरवरचा पंखा उचलला तर खाली लालभडक! प्रोसेसर थंड राहावा म्हणून वर एक पांढरी पेस्ट लावतात. सरांनी ती मळ समजून स्वच्छ पुसली होती आणि दसऱ्याची पूजा म्हणून दोन्ही प्रोसेसरना कुंकू लावलं होतं. मानाप्रमाणे! जुन्याला मोठा टिळा, नव्याला छोटा.

नाना म्हणाले, "तापानं कारन समजनं. खडखड कसानी शे?"

सर टेबल पुसायला लागले.

"सर, अक्षता कोठे टाक्यात?"

सरांनी खाली मान घालून पॉवर सप्लायच्या पंख्याकडे बोट दाखवलं.

*

आता डब्याचं सांगतो. तिसरा प्रोसेसर जायचा-यायचा तो तीन खणांच्या स्टीलच्या डब्यात, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. डबा नानांच्या घरचा, म्हणजे माईंचा. माई म्हणजे नानांची बायको. तिसरा मला पाठवायचा असला की खालच्या खणात तो, चांदीच्या कागदात गुंडाळून, आणि वरच्या दोन खणांत माईंच्या हातची कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, जे असेल ते. प्रोसेसर दिसायला वरचे दोन खण आधी संपवावे लागायचे. मी त्यात कधी टाळाटाळ केली नाही!

पहिल्यांदा मी डबा घासून-पुसून रिकामाच परत पाठवला होता. दुसऱ्या दिवशी माईंचा फोन. "भाऊ, रिकामा डबा नको धाडत जाऊ. रिकामा डबा घरमा उना का माले करमत नही."

आता मी खाणावळीत जेवणारा माणूस, डब्यात काय घालणार? कधी केळीचे वेफर, कधी पेरू. आणि काहीच नसेल तेव्हा तो तिसरा प्रोसेसरच. माझं काम संपलेलं असो नसो, डबा रिकामा जायचा नाही.

एकदा ड्रायव्हर नवीन होता. मी स्टँडवर डबा घेतला तर हाताला चटका! दुकानात येईपर्यंत दोन वेळा हात बदलला. उघडून बघतो तर प्रोसेसर भाजलेल्या वांग्यासारखा गरम. दुसऱ्या दिवशी त्या ड्रायव्हरला गाठलं. म्हटलं, "डबा ठेवला कुठे होता?"

"इंजिनच्या झाकणावर. तुमची भाजी गरम राहावी म्हणून! बाकीचे ड्रायव्हर इतकं करतात का सांगा."

नशिबाने प्रोसेसर जिवंत होता. मी नानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "चांगलंच व्हयनं. टेस्टिंग रस्तामाच व्हई गई!"

*

हा अक्कांचा किस्सा मार्केटात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मीच सांगितलेला बरा.

एका सकाळी मशीन सुरू केली, ती ओळ आली आणि मी सवयीने मोठ्याने बोललो, "माहीत आहे बाई, जोडी जुळत नाही! रोज काय सांगतेस?" एकट्या माणसाला असं बोलायची सवय लागते, त्यात काही विशेष नाही. पण नेमक्या तेव्हा शेजारी अक्का शटर वर करत होत्या.

दुपारपर्यंत अख्ख्या मार्केटला कळलं की अरुणभाऊंचं कुठेतरी जुळवणं चाललंय आणि पत्रिकेत अडलंय! चहावाला चहा देताना उगाच हसला. खालचा झेरॉक्सवाला जिना चढून सांगायला आला, "भाऊ, ह्या वयात पत्रिका कशाला बघता?" आणि संध्याकाळी अक्का स्वतः स्टूल ओढून बसल्या.

"भुसावळला माझी एक मावसनणंद आहे. तिचे मालक गेले. बाई एकदम चांगली, शिवणाचे क्लास घेते. तुमचं तिकडे जुळत नसेल तर हिचा विचार करा."

मी हसत सुटलो. मग त्यांना मशीनपाशी नेलं, बंद करून पुन्हा चालू केली. ओळ आली. मी मराठीत अर्थ सांगितला आणि म्हणालो, "आता एफ वन दाबायचं. मग दोघं वेगळे असले तरी मशीन निमूट चालते."

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या.

"इतकंच करायचं असतं?"

"इतकंच."

"मग भाऊ, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही का नाही दाबलं?"

मी चहा मागवला.

*

माई गेल्या, त्याचा किस्सा होत नाही. तो सांगत नाही.

त्यानंतर बरेच दिवस डबा आलाच नाही. तिसरा तेव्हा नानांकडे होता. मी फोन करायचो, नाना "हं, हं" करायचे आणि ठेवून द्यायचे. मग एक दिवस त्यांचाच फोन आला.

"अरुन, हाऊ प्रोसेसर मधीच अटकस रे. धाडू का? तुनाकडे लाईसन देख."

डबा आला. वरच्या खणात खिचडी, नानांनी स्वतः केलेली, तळाला लागलेली. मी ती सगळी खाल्ली. खाताना माईंची इतकी आठवण आली की शेवटचे घास पाण्याबरोबर गिळले. मग प्रोसेसर लावला, एफ वन दाबलं आणि आठवडाभर मशीन अहोरात्र चालवली. एकदाही अडकली नाही. मी आपला मेकॅनिक माणूस, फोन करून खरं ते सांगितलं.

"नाना, याला काहीही झालेलं नाही. ठणठणीत आहे."

"बरं," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतर त्यांचा फोनच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. माझ्या दुकानात फळीवर तो डबा घासून ठेवलेला होता. गिऱ्हाईक नव्हतं, मी डब्याकडे बघत बसलो होतो आणि मग एकदम उठून फोन लावला.

"नाना, तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. आज माझ्याकडे एकदा अटकला. मला शंका आहे. पाठवतो, तुमच्याकडे चालवून बघा."

क्षणाचाही वेळ न लावता नाना म्हणाले, "माले बी शंका व्हतीच!"

आवाज पहिल्यासारखा.

तेव्हापासून त्या प्रोसेसरने जे आजारपण काढलं, ते विचारू नका! धुळ्यात त्याला ऊन बाधायचं, जळगावात कमी-जास्त होणारी वीज. पावसाळ्यात दमट हवा. थंडीत तर नाना म्हणायचे, "सकायमा उठतच नही तो!" मी लावून बघायचो, तो मुकाट्याने चालायचा, आणि मी फोन करून सांगायचो, "नाना, लक्षण काही बरं नाही." मग तो डब्यात बसून धुळ्याला. आठ-दहा दिवसांनी डब्यात बसून परत.

नानांची खिचडी हळूहळू सुधारली. पुढे तर त्यांनी भरीत पाठवलं. जळगावला, धुळ्याहून, भरीत! मी म्हटलं, "नाना, जरा माझ्या गावाची तरी लाज ठेवा." ते म्हणाले, "खाईसन देख, मंग बोल." खाल्लं. खारट होतं. मी "झकास" म्हणून कळवलं. एकदा प्रोसेसरबद्दल खोटं बोलायची सवय झाली की भरताबद्दल बोलायला काहीच वाटत नाही.

असा प्रोसेसर हल्ली ऑनलाइन मिळतो, अगदी किरकोळीत. घरपोच येतो. मी कधी मागवला नाही. नानांनीही मागवला नाही.

*

मग नानांच्या मुलीने हट्ट धरला. ती नाशिकला असते. नानांनी फोनवर सांगितलं, "पोर आयकत नही आते. दुकान आवरी ऱ्हायनू."

मी म्हणालो, "चांगलं झालं नाना. नातवाजवळ राहाल."

मला मुळीच चांगलं वाटलं नव्हतं. दिवसातून एकदा "अरुन" म्हणून हाक मारणारं माझ्या आयुष्यात ते एकच माणूस राहिलं होतं. बाकी सगळ्यांचा मी "भाऊ". तो दिवसभर मी लोकांच्या मशिनी नुसत्या उघडून ठेवल्या, एकही बंद केली नाही.

दुकान आवरायला मी धुळ्याला गेलो. जाताना डबा घेतला. डबा माईंचा, तो नाशिकला जायला हवा. आणि रिकामा कसा न्यायचा? दुसरं काही सुचेना, म्हणून मशीनमधून तिसरा काढून खालच्या खणात ठेवला.

नाना सामान बांधत होते. त्यांची दोन प्रोसेसरची मशीन टेबलावर होती. तिच्या झाकणावरून हात फिरवत म्हणाले, "हाई तू लई जा. पोरना फ्लॅटमा कोठे ठेवू?" मी हो म्हटलं. मग डबा पुढे केला. नानांनी तो हातात घेतला, जरा हलवला, कानाशी नेला. आणि न उघडताच कपड्यांच्या पिशवीत, धोतरांच्या मधे ठेवून दिला.

"नाना, आत..." मी म्हणालो.

"माहीत शे," नाना म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांची मशीन मी मांडीवर घेऊन बसलो. एरंडोलपर्यंत शेजारचा माणूस विचारत होता की हा टीव्ही आहे का. मी हो म्हणून टाकलं.

*

नानांची मशीन दुकानाच्या कोपऱ्यात ठेवली. काही दिवसांनी मनात आलं, लिलावातले ते दोन सारखे प्रोसेसर आता दोन्ही माझ्याकडेच आहेत. नानांचा काढला, माझ्या मशीनमध्ये दुसऱ्या जागेवर बसवला. इतक्या वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच शेजारी आले.

चालू केली. ओळ आली नाही. तक्रार नाही, काही नाही, मशीन सरळ सुरू झाली. माझं बोट मात्र एफ वनवर जाऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. अशी छान जुळलेली जोडी आणि मला तिच्याकडे बघवेना. शेवटी मी नानांचा प्रोसेसर काढून नानांच्याच मशीनमध्ये परत लावला आणि तिच्यावर कापड टाकलं. माझी एकाच प्रोसेसरवर चालवायला लागलो. एकट्यालाही ती काही विचारत नाही.

अक्का एकदा म्हणाल्या, "भाऊ, हल्ली सकाळी तुमचा आवाज येत नाही." मी म्हटलं, घसा बसलाय.

नानांशी फोनवर बोलणं व्हायचं. "बठ्ठं बराबर शे," नाना सांगायचे. "नातू शे, टीव्ही शे. सकायमा बगीचामा जास." जेवलात का, झोपलात का, पुढे काय विचारायचं? आम्ही दोघं नुसतं असं कधी बोललोच नव्हतो हो. मध्ये तो प्रोसेसर असायचा. फोन कमी होत गेले.

मग गेल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "अरुणभाऊ का? स्टँडवर या. नाशिकहून डबा आहे तुमचा."

मी दुकान उघडं टाकून गेलो. अक्कांना नुसतं हाताने "बघा जरा" केलं. डबा तोच, माईंचा. नाशिकहून निघून धुळ्यावरूनच आला असणार. ह्या ड्रायव्हरने तो इंजिनपासून लांब, आपल्या बॅगेत ठेवला होता.

दुकानात येऊन उघडला. वरच्या खणात पोळ्या, घडीच्या, मऊ, नानांच्या मुलीच्या हातच्या. मधल्या खणात खिचडी. ती मी वासावरून ओळखली, तळाला लागलेली. आणि खालच्या खणात चांदीच्या कागदात तिसरा.

जेवण तसंच राहू दिलं. आधी मशीन उघडली, तिसरा दुसऱ्या जागेवर बसवला, पेस्ट लावली, पंखा लावला, झाकणही न लावता बटण दाबलं. काळ्या पडद्यावर ती पांढरी ओळ आली. एफ वनवर बोट ठेवलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

"अरुन, पोचना का डबा?"

"पोचला नाना."

"तो प्रोसेसर देखजो रे जरा. परत अटकी ऱ्हायना."

मी कोपऱ्याकडे बघितलं. नानांची मशीन कापडाखाली तशीच उभी होती.

"हो नाना," मी म्हणालो. "इथेही अटकतोय. ह्या वेळी दुखणं मोठं दिसतंय. वेळ लागेल."

"लागू दे," नाना म्हणाले. "माले आते कोठे जानं शे? फक्त डबा रिकामा धाडू नको."